कृष्णेसाठी लोक किती पैसे देतील? देण्याची तयारी मोजणारी पाहणी कशी करावी

सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून योजना आखल्या जातात, वाईत घाट स्वच्छ ठेवण्याच्या मोहिमा निघतात, माण-खटावात ओढ्यांचे खोलीकरण होते. या प्रत्येक कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक तयार असते. त्या कामातून लोकांना जे मिळणार आहे त्याची त्यांच्या लेखी किंमत किती, हा आकडा मात्र सहसा कोणाच्याच कागदावर नसतो. नदीचे वाहते पाणी, त्या पाण्याची स्वतःला शुद्ध करण्याची शक्ती, पुराचे पाणी पसरू देणारी मळीची जमीन, मासे, घाटावरची सकाळ या गोष्टी बाजारात विकल्या जात नाहीत, म्हणून त्यांना भाव नाही. आणि भाव नसल्यामुळे हिशेबाच्या वेळी त्या शून्य धरल्या जातात.

हे शून्य पुसण्याची एक रीत अर्थशास्त्रात रुळलेली आहे. लोकांसमोर नदीतील एक ठरावीक सुधारणा मांडायची, तिच्यासाठी त्यांच्या घराला अमुक इतके पैसे द्यावे लागतील असे सांगायचे आणि ते तयार आहेत का हे विचारायचे. तिला ‘कंटिंजंट व्हॅल्युएशन’ म्हणतात. १९६३ साली रॉबर्ट डेव्हिस यांनी अमेरिकेतील मेन राज्याच्या जंगलांसाठी ती प्रथम वापरली. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन वाल्डेझ’ या जहाजातून तेल सांडले, तेव्हा नुकसानभरपाईच्या वादात या पद्धतीवर कडाडून टीका झाली आणि १९९३ मध्ये केनेथ ॲरो व रॉबर्ट सोलो या नोबेल पारितोषिक विजेत्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती कोणत्या अटींवर विश्वासार्ह ठरते हे लिहून दिले. त्या अटी आजही उपयोगी आहेत, आणि पुढे जे सांगितले आहे त्यातील बराच भाग त्या अटी कृष्णाकाठच्या वस्तुस्थितीला कशा लावायच्या याविषयीचा आहे. महाविद्यालयातील प्रकल्प असो, नगरपालिकेचा अभ्यासगट असो किंवा एखादी पर्यावरण संस्था, पाचशे घरांची पाहणी कोणालाही करता येण्यासारखी आहे. ती नीट करणे मात्र वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

बदल कोणता, तो आधी ठरवा

‘कृष्णा नदी वाचवण्यासाठी आपण किती पैसे द्याल?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. त्याला येणारे उत्तर म्हणजे नदीविषयीच्या आदराची पावती असते, तिला किंमत म्हणता येत नाही. विचारायचे ते एका ठरावीक पट्ट्यातील, ठरावीक मुदतीत होणाऱ्या, ठरावीक बदलाविषयी: आज स्थिती अशी आहे, काम झाल्यावर ती अशी होईल.

याचे चांगले उदाहरण अमेरिकेतील साउथ प्लॅट नदीच्या अभ्यासात सापडते. जॉन लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात नदीचा ४५ मैलांचा पट्टा आणि पाच सेवा निवडल्या होत्या: सांडपाणी सौम्य होणे, पाण्याचे नैसर्गिक शुद्धीकरण, जमिनीची धूप थांबणे, मासे व वन्यजीवांचा अधिवास आणि विरंगुळा. सुमारे शंभर लोकांच्या प्रत्यक्ष मुलाखती झाल्या, आजची नदी आणि सुधारलेली नदी अशी चित्रे त्यांना दाखवली गेली, आणि पाचही सेवांसाठी मिळून एका घराची तयारी सरासरी महिन्याला २१ डॉलर निघाली. यातला ‘मिळून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पाच सेवांसाठी पाच वेगळे प्रश्न विचारून उत्तरांची बेरीज केली, तर तेच पैसे माणूस पाच वेळा देऊ करतो आणि बेरीज फुगते.

आपल्याकडे पट्टा निवडताना एवढे तरी लक्षात ठेवावे की धोम धरणाच्या खालची वाईची कृष्णा, कऱ्हाडला कोयना मिळाल्यानंतरची कृष्णा आणि हरिपूरला वारणा मिळाल्यानंतरची कृष्णा यांच्या तक्रारी एकसारख्या नाहीत. येरळा आणि अग्रणी तर वर्षातले अनेक महिने कोरड्या असतात. तिथे पाण्याच्या शुद्धतेविषयी विचारण्यात अर्थ नाही, पात्रातली वाळू आणि ती धरून ठेवत असलेला ओलावा यांविषयी विचारावे.

परिसंस्थेच्या सेवांचे पुरवठा, नियमन, सांस्कृतिक आणि आधारभूत असे चार गट २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकन अहवालाने रूढ केले. ते आपल्या टिपणवहीत असू द्यावेत, प्रश्नावलीत मुळीच आणू नयेत. तीच गोष्ट प्रयोगशाळेच्या परिमाणांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार अंघोळीस योग्य पाण्यात बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा. घरोघरी मात्र ‘आज हे पाणी शेतीला चालते, काम झाल्यावर त्यात मासे तग धरतील आणि घाटावर अंघोळ करता येईल’ अशा पायऱ्यांनीच बोलावे. सांगलीकराला पुराचे गणित आयर्विन पुलाच्या फुटांत कळते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच पूरनियंत्रणाचा फायदा फुटांत सांगण्याचा मोह होतो. जलशास्त्रीय अभ्यास हाताशी नसेल तर तो मोह टाळावा. मळीची जमीन मोकळी ठेवल्याने पाणी दोन फुटांनी उतरेल असे आपणच रचलेले आश्वासन विकून मिळवलेला होकार कोणाच्याच कामाचा नसतो.

आणखी एक गोष्ट इथल्या पाहणीत सुटता कामा नये. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. अधिवासाचे रक्षण ही शहरातल्या माणसाच्या दृष्टीने सेवा असेल, पण काठावर जनावरे धुणाऱ्याच्या आणि मोटारीच्या फूटव्हॉल्व्हशी उतरणाऱ्याच्या दृष्टीने ती धास्ती आहे. अशा गावांत ‘नदीतील वन्यजीवांचे संरक्षण’ एवढेच लिहून चालणार नाही. बदलात काय येते आणि काय येत नाही हे उघड सांगावे, आणि एखाद्याला तो बदल नकोच असेल तर तसे नोंदवण्याची जागा प्रश्नावलीत ठेवावी.

खोरे एक असले तरी माणसे एका जागी उभी नाहीत

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशेच्या घरात असतो. एकाच खोऱ्यातल्या या दोन टोकांच्या लोकांना एका सरासरीत बसवले, तर निघणारी रक्कम दोघांपैकी कोणाचीच नसते. म्हणून नमुना काढण्यापूर्वी लोकसंख्येचे थर पाडावेत. माझ्या मते किमान तीन हवेत: उगमाकडील डोंगरी तालुके (महाबळेश्वर, जावळी, पाटण), नदीकाठची बागायती गावे आणि शहरे (वाई, कऱ्हाड, वाळवा, पलूस, सांगली-मिरज), आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजनांच्या पाण्यावर विसंबलेला पूर्वेचा दुष्काळी भाग.

पहिल्या थरात एक नाजूक प्रश्न आहे. कोयना धरणासाठी ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सहा दशकांनंतरही पूर्ण सुटलेले नाहीत. चांदोली आणि कोयनेच्या जंगलांचा मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हाही काठावरच्या गावांच्या चराईवर आणि सरपणावर बंधने आली. नदीचा उगम आणि तिच्यावरचे छत्र ज्यांनी सांभाळले, त्यांनाच ‘नदीच्या सेवांसाठी तुम्ही किती द्याल’ असे विचारणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे आहे. जिथे हक्क त्यांचा आणि त्याग त्यांचा, तिथे प्रश्न उलट असतो: जंगल राखण्यासाठी, उतारावरची नाचणीची पड तशीच ठेवण्यासाठी किती मोबदला मिळाला तर तुम्ही तयार व्हाल? १९९३ च्या समितीने सावधगिरी म्हणून देण्याची तयारी विचारण्याची शिफारस केली होती, कारण मोबदल्याच्या प्रश्नाला येणारे आकडे बहुधा मोठे निघतात. तरीही पाटण-जावळीसाठी मी मोबदल्याचाच प्रश्न विचारीन आणि त्याचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवीन. ते खालच्या खोऱ्याच्या आकड्यांत मिसळू नयेत.

पैसे कोण घेणार आणि कोणत्या वाटेने

संपूर्ण पाहणीत सर्वाधिक विचार याच मुद्द्यावर खर्च करावा. लोक सुधारणेला किती किंमत देतात हे आपण विचारत असतो, पण ते उत्तर देताना पैसे ज्याच्या हाती जाणार त्याला जोखत असतात. ‘नदीसाठी पैसे द्यायला हरकत नाही, पण ते नदीपर्यंत पोचतील का?’ हे वाक्य प्रत्येक वाड्या-वस्तीवर ऐकू येईल अशी तयारी ठेवावी.

शहरासाठी पाणीपट्टीच्या बिलात वाढीव रक्कम हा मार्ग मला सर्वांत बरा वाटतो, कारण पाणी आणि नदी यांचा संबंध समजावून सांगावा लागत नाही आणि नळजोडणी असलेल्या कोणालाही ते टाळता येत नाही. घरपट्टीचे तसे नाही; भाडेकरू म्हणतो की ती मालक भरतो, आणि हसतमुखाने वाटेल त्या रकमेला होकार देतो. ऐच्छिक देणगी तर टाळावीच. देणगी म्हटली की निम्मे लोक ‘बाकीचे देतील’ असे मनात धरून कमी सांगतात आणि उरलेले तोंडदेखले अधिक सांगतात.

ऊस पट्ट्यात वेगळा मार्ग उपलब्ध आहे. उपसा योजनांची पाणीपट्टी साखर कारखान्यांमार्फत ऊसबिलातून कापून घेण्याची रीत सांगली जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे, त्यामुळे ‘टनामागे अमुक रुपये कपात’ असा प्रश्न त्यांना काल्पनिक वाटत नाही. त्याचा तोटाही तिथेच आहे: कपात हा शब्द ऐकला की माणूस आधीच्या सगळ्या कपातींचा राग याच प्रश्नावर काढतो, आणि ज्याच्याकडे ऊस नाही तो शेतमजूर, मच्छीमार किंवा धनगर या प्रश्नातून बाहेरच राहतो. म्हणून खेड्यांत मी घरटी मासिक रक्कम मुख्य ठेवीन आणि ऊसबिलाचा मार्ग फक्त ऊस उत्पादकांच्या पूरक प्रश्नात घेईन.

दुष्काळी तालुक्यांत पैशांबरोबर श्रमाचाही पर्याय द्यावा. श्रमदानाचे दिवस विचारून ते त्या भागातील मजुरीच्या दराने रुपयांत मोडता येतात, मात्र पूर्ण दराने मोडू नयेत. उन्हाळ्यात काम नसलेल्या माणसाचा एक दिवस आणि सुगीतला एक दिवस यांचे मोल एक नाही. लोक नदीसाठी पैशाखेरीज बरेच काही देतात याचा पुरावा याच मातीत आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी येरळेतील वाळूचा मर्यादित हिस्सा विकून, श्रमदान आणि मदत गोळा करून बळीराजा धरण उभे केले, आणि पाणी भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला समान वाटायचे असे ठरवले. तिथे वाटपाचा नियम आधी पक्का झाला होता. आपल्या प्रश्नावलीतही पैसे कोणत्या खात्यात जमा होतील, हिशेब कोण आणि कुठे लावील, मुदत किती वर्षांची असेल हे प्रश्नाआधीच सांगितलेले असले पाहिजे.

प्रश्न कसा लिहावा

‘किती द्याल?’ असे मोकळे विचारले की माणूस गोंधळतो, कारण रोजच्या व्यवहारात आपण भाव सांगत नाही. सांगितलेला भाव पटतो की नाही एवढेच ठरवतो. म्हणून प्रत्येक घराला एकच रक्कम सांगावी आणि होय किंवा नाही घ्यावे. कोणत्या घराला कोणती रक्कम जाईल हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवावे. मुलाखतकाराने घराकडे पाहून ती निवडली तर सगळा अभ्यास वाया गेला असे समजावे.

सांगली शहरासाठीचा मजकूर साधारण असा असावा, आणि तो प्रत्येक घरी शब्दशः वाचावा:

‘सध्या शहरातील सांडपाण्याचा काही भाग प्रक्रिया न होता नदीत मिसळतो. उन्हाळ्यात नदीतले पाणी कमी झाले की त्याला वास येतो आणि कधीकधी मासे मरतात. समजा, हे सर्व सांडपाणी शुद्ध करणारी आणि घाटालगतची झाडी पुन्हा वाढवणारी एक योजना आली आहे. तीन वर्षांनी घाटावर अंघोळ करण्याइतके पाणी स्वच्छ होईल आणि मासे टिकतील. पुराच्या उंचीत मात्र या योजनेने फरक पडणार नाही. खर्चासाठी पुढील पाच वर्षे प्रत्येक घराच्या पाणीपट्टीत दरमहा ठरावीक रक्कम वाढेल. ती स्वतंत्र खात्यात जमा होईल आणि दर सहा महिन्यांनी तिचा हिशेब प्रत्येक वॉर्डात लावला जाईल. बहुसंख्य घरांनी होकार दिला तरच योजना होईल, आणि झाली तर सर्वांनाच पैसे भरावे लागतील. हे पैसे दिले तर घरखर्चातला दुसरा काही खर्च कमी करावा लागेल, आणि नदीखेरीज इतर कामांसाठीही तुमच्याकडे मागणी येत असते, हे लक्षात घ्या. तुमच्या घराला दरमहा ५० रुपये जास्त भरावे लागणार असतील, तर तुम्ही योजनेच्या बाजूने मत द्याल की विरोधात?’

यातील पुराविषयीचे वाक्य गाळू नये. ते नसेल तर सांगलीत निम्मे लोक मनातल्या मनात पुराच्या बंदोबस्तासाठी पैसे देतात. घरखर्चाचे वाक्यही तितकेच आवश्यक आहे. त्याच्या जोडीला, असे प्रश्न विचारले की लोक प्रत्यक्षात देतात त्यापेक्षा जास्त सांगतात हा जगभरचा अनुभव आहे आणि म्हणून आज बिल हातात आले आहे असे समजून उत्तर द्या, अशी स्पष्ट विनंती करावी. तिने होकार कमी होतात आणि खरेपणा वाढतो. आपल्याकडे तिची गरज अधिक, कारण दारात आलेल्याला, विशेषतः महाविद्यालयातून आलेल्या मुलीला, ‘नाही’ म्हणणे लोकांच्या जिवावर येते.

रकमा ठरवण्यासाठी आधी चाळीस-पन्नास घरांची चाचणी पाहणी करावी. तिथे मोकळा प्रश्न चालतो. आलेल्या उत्तरांवरून पाच रकमा निवडाव्यात. सर्वांत वरची रक्कम इतकी मोठी असावी की तिला दहातल्या एखाद्यानेच होकार द्यावा, नाहीतर शेवटच्या टोकाला लोकांची तयारी कुठे संपते हे कळत नाही आणि सरासरी आपल्या अंदाजावर तरंगत राहते.

शक्य असेल तर नमुन्याच्या एका भागाला लहान योजना आणि दुसऱ्या भागाला मोठी योजना द्यावी, उदाहरणार्थ फक्त घाटापुरती सुधारणा आणि भिलवडीपासून हरिपूरपर्यंतची सुधारणा. दोन्ही गटांची उत्तरे सारखीच आली तर लोक योजनेला मोल देत नसून नदीविषयीच्या भावनेला मोल देत आहेत असे समजावे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेलाच्या डबक्यांत मरणारे पक्षी वाचवण्यासाठी काय द्याल असे विचारले गेले. २,००० पक्ष्यांसाठी सरासरी ८० डॉलर, २०,००० साठी ७८ आणि २,००,००० साठी ८८ डॉलर अशी उत्तरे आली. तो अभ्यास या पद्धतीचे टीकाकार आजही पुढे करतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

गावात उतरल्यावर

टक्केवारी पाच टक्क्यांच्या फरकाने आणि ९५ टक्के खात्रीने सांगायची तर साध्या यादृच्छिक नमुन्यात ३८४ घरे लागतात. ही संख्या एका थरासाठी आहे, तीन थरांसाठी मिळून नाही. हातात मनुष्यबळ कमी असेल तर थर कमी करावेत, थरातली घरे कमी करू नयेत. घरांची निवड मतदार यादीवरून किंवा ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीवरून, म्हणजे नमुना ८ वरून, ठरावीक अंतराने करता येते. दोन्हींत भाडेकरू सुटतात आणि हंगामात पालांवर राहणारी ऊसतोड कुटुंबेही सुटतात. नदीचे पाणी थेट वापरणाऱ्यांत हीच कुटुंबे पुढे असतात, म्हणून त्यांची वेगळी नोंद घ्यावी.

मुलाखत घरातच घ्यावी, पारावर किंवा चावडीत घेऊ नये. आपल्याकडे गणपतीची, यात्रेची, सप्ताहाची वर्गणी चारचौघांत ठरते. पहिल्याने ५०१ म्हटले की दुसऱ्याला १०१ म्हणता येत नाही. वर्गणीची ही सवय पाहणीत शिरली तर पन्नास घरांची उत्तरे प्रत्यक्षात एकाच माणसाची असतात. घरातही सरपंच, कारखान्याचे संचालक किंवा सोसायटीचे सचिव सोबत नेऊ नयेत. वाट दाखवण्यापुरते आले तर त्यांना दारातून नम्रपणे परत पाठवावे.

उत्तर कोणी द्यावे? पाणी भरणारी, धुणे नदीवर नेणारी बहुधा बाई असते आणि बिल भरणारा बहुधा पुरुष. दर दुसऱ्या घरात बाईचीच मुलाखत घ्यायची असा नियम आधी करावा, कारण नियम नसेल तर ‘ताई, मालक घरात नाहीत, संध्याकाळी या’ हेच उत्तर मिळत राहील. काकी, मावशी, दादा, आण्णा अशा हाका मारत, बोलीत बोलणारी स्थानिक मुले-मुली मुलाखतीला उत्तम. फक्त ती स्वतःच्या गावात पाठवू नयेत. जतच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी घरे बरीच आहेत, तिथे मजकुराचा कन्नड अनुवाद आधीच तपासून घ्यावा.

काळ निवडताना पूर ओसरल्यानंतरचे पहिले काही महिने, निवडणुकीची धामधूम आणि ऊसबिल रखडल्याचे आंदोलन चालू असलेले दिवस सोडावेत.

‘नाही’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न अधिक

माझ्या मते या पाहणीचा दर्जा होकारांवर नव्हे तर नकारांच्या नोंदीवर ठरतो. प्रत्येक नकारानंतर ‘कारण काय?’ असे विचारावे आणि उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वर्गवारी मागाहून, दोघांनी स्वतंत्रपणे करावी.

‘परवडत नाही’ आणि ‘मला त्याचा उपयोग नाही’ हे खरे नकार आहेत. त्यांची किंमत शून्य धरणे योग्यच. पण ‘आधी नाल्यात घाण सोडणाऱ्याकडून वसूल करा, मग आमच्या दारात या’ हा नकार नदीची किंमत शून्य आहे असे सांगत नाही, पैसे कोणी द्यावेत याविषयी सांगतो. ‘महापालिकेला आतापर्यंत भरले ते काय केले?’ हा नकार संस्थेविषयी आहे. ‘आमचे रान क्षारपड झाले ते याच पाण्याने, आणखी पैसे कशाचे?’ असे वाळवा-मिरज पट्ट्यात कोणी म्हटले, तर त्यात पाणी व्यवस्थापनाचा सगळा इतिहास आहे. अशा निषेधाच्या नकारांना परदेशी अभ्यासांत बहुधा सरळ वगळतात. वगळल्याने सरासरी वाढते, आणि अहवाल मागवणाऱ्याला ते सोयीचे असते. तसे न करता दोन्ही आकडे छापावेत: निषेध वगळून आणि निषेध ‘नाही’ धरून. त्यांच्यातील अंतर हेच विश्वासाच्या अभावाचे माप आहे, आणि नगरसेवकाला किंवा जिल्हा परिषद सदस्याला त्या मापाचा उपयोग सरासरीपेक्षा जास्त होईल.

होकारालाही एक पुरवणी प्रश्न जोडावा: ‘या उत्तराची तुम्हाला कितपत खात्री आहे?’ दहापैकी सातपेक्षा कमी खात्री सांगणारे होकार नकारात घालून हिशेब पुन्हा करून पाहावा.

आकडेमोड

संगणकावर लॉजिट प्रतिमान (होय-नाही उत्तरे कशावर अवलंबून आहेत हे काढण्याची सांख्यिकी रीत) चालवता येणारे कोणी असेल तर उत्पन्न, शिक्षण, नदीपासूनचे अंतर यांचा परिणाम वेगळा काढता येतो आणि तो काढावाच. पण कागद-पेन्सिलीने करता येणारा, मुद्दाम कमी अंदाज देणारा एक हिशेब टर्नबुल यांच्या नावाने ओळखला जातो, आणि ग्रामसभेत समजावून सांगायला तोच बरा.

केवळ रीत दाखवण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पाच रकमा, प्रत्येक रक्कम शंभर घरांना विचारलेली. १० रुपयांना ८४ घरांनी होकार दिला, २५ ला ७०, ५० ला ४६, १०० ला २४ आणि २०० ला १० घरांनी. १० ला हो म्हणणारे पण २५ ला नाही म्हणणारे १४ टक्के आहेत. त्यांची तयारी दहा ते पंचवीसच्या दरम्यान कुठेतरी आहे, पण आपण ती दहाच धरायची. असे प्रत्येक पायरीला खालची रक्कम धरून गुणले की १.४०, ६, ११, १४ आणि २० असे भाग येतात आणि त्यांची बेरीज होते ५२.४० रुपये. ही घरटी मासिक तयारीची किमान सरासरी झाली. निम्म्या घरांचा होकार मात्र ५० रुपयांच्या थोडा अलीकडेच संपतो. सरासरी आणि हा मध्य दोन्ही सांगावेत, कारण खर्च-फायद्याच्या ताळेबंदात सरासरी लागते, पण मतदानाला टाकले तर मंजूर होईल ती रक्कम मध्याची असते. वाढत्या रकमेबरोबर होकार घटत नसतील तर काहीतरी बिघडले आहे; बहुधा एखाद्या मुलाखतकाराने मजकूर वाचण्याऐवजी आपल्या शब्दांत सांगितलेला असतो.

संपूर्ण शहराचा आकडा काढताना हात आखडता ठेवावा. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्राची लोकसंख्या पाच लाखांवर होती. हिशेबाच्या सोयीसाठी एक लाख घरे धरली, तर ५२.४० रुपयांच्या काल्पनिक सरासरीने वर्षाचे ६ कोटी २९ लाख होतात. पण निवडलेल्या घरांपैकी ६० टक्क्यांनीच मुलाखत दिली असेल, तर न बोललेल्यांना शून्य धरून ३ कोटी ७७ लाख हाही आकडा शेजारी लिहावा. शहराची सरासरी जिल्ह्याला लावू नये. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आजही प्रामुख्याने ग्रामीण आहेत.

जिथे लोक प्रत्यक्ष पैसे मोजत आहेत तिथल्या व्यवहाराशी आपला आकडा ताडून पाहावा. कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांकडून शुल्क घेतले जाते आणि त्याची व्यवस्था स्थानिक वन व्यवस्थापन समितीकडे आहे. सातारा शहराला पाणी देणारा कास तलावही त्याच परिसरात आहे. पर्यटकाचे एका दिवसाचे शुल्क आणि रहिवाशाची मासिक रक्कम यांची सरळ तुलना होत नाही, पण आपल्या पाहणीतल्या घरांपैकी किती जणांनी ते शुल्क भरले आणि ते कुठे खर्च होते असे त्यांना वाटते, हे विचारल्याने कागदावरच्या होकाराची कसोटी लागते.

अहवालात वाचून दाखवलेला मजकूर जसाच्या तसा, प्रत्येक रकमेला किती घरे आणि किती होकार, मुलाखत नाकारलेली घरे, नकारांची कारणे त्यांच्या शब्दांत, आणि पैसे कोणत्या संस्थेमार्फत घेण्याची कल्पना मांडली होती, एवढे तरी असावे. उत्तर देणाऱ्यांची नावे आणि घर क्रमांक त्यात नसावेत. विशेषतः निषेधाचे शब्द ओळखीच्या खुणांसह छापले जाणार नाहीत याची खात्री करून घ्यावी. छापण्यापूर्वी ज्या गावांत पाहणी झाली तिथल्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत आकडे वाचून दाखवावेत, आणि तिथे ‘आम्ही असे म्हटले नव्हते’ असा आक्षेप आला तर तो परिशिष्टात घालावा.